'डार्क साइड'ची पहिली बाजू शेवटाला फाटते: रेकॉर्ड गेली की सुई?

गंगापूररोडकर
मंडळी, पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं इंडियन प्रेसिंग आहे, म्हणजे इथेच छापलेली प्रत, दमदमच्या कारखान्यातली. दिव्याखाली तिरकी धरली तर केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, खोल चरा एकही नाही. 'ब्रीद' आणि 'टाइम' झकास वाजतात. पहिल्या बाजूच्या शेवटी 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये बाई वरच्या पट्टीत गेल्या की आवाज फाटतो, पत्रा थरथरल्यासारखा. सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यांवर चरचर आहे ती वेगळीच.

मशीन: साधं बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, कार्ट्रिज (सुई धरणारा डबा) ऑडिओ-टेक्निका एटी-३६००एल, सुईचा भार ३ ग्रॅम, अँटीस्केट (सुईचा दांडा म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर ताणणारी सोय) ३ वर. पुढे फोनो (थेट सुईकडून येणाऱ्या क्षीण सिग्नलसाठीचं) इनपुट असलेला जुना स्टिरिओ ॲम्प. टर्नटेबलच्या पाठीमागचा खटका 'फोनो'वर आहे, 'लाइन'वर नाही.

रेकॉर्ड झिजली आहे हे नक्की कसं ठरवायचं? नाशकात बसून काय काय दुरुस्त करता येईल? आणि ही रेकॉर्ड नीट वाजतेय की नाही हे ओळखायला तिच्यातल्या कुठल्या जागा ऐकायच्या? दुसरी प्रत शोधायला मुंबई गाठण्याआधी एवढं कळलं तर बरं.

खाचखळगे
रेकॉर्डला लगेच बोल लावू नका. बाजू उलटा आणि दुसऱ्या बाजूचा शेवट ऐका. पहिली बाजू साधारण १९ मिनिटांची, दुसरी २३ मिनिटांची, म्हणजे दुसरीची खाच बहुधा लेबलाच्या आणखी जवळ जाते. शिवाय तिच्या शेवटच्या 'इक्लिप्स'मध्ये कोरस, ऑर्गन, ड्रम सगळं एकदम अंगावर येतं. तिथेही फाटत असेल तर दोष सुईचा किंवा कार्ट्रिजच्या बसवणुकीचा. 'इक्लिप्स' स्वच्छ आणि 'ग्रेट गिग' तेवढा फाटका, तर ती जागा आधीच्या मालकाच्या जड सुईने खरवडली आहे असं समजा.

शेवटीच का फाटतं? तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते ते बाहेरही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलाजवळ, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर, जेमतेम २१. त्यामुळे १० हजार हर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते ती आत २१ मायक्रॉनची होते. तुमच्या ३६००एलची सुई शंकूच्या टोकाची, टोकाची त्रिज्या ०.६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १५ मायक्रॉन. एवढं गोल टोक त्या लाटेत पुरतं उतरतच नाही, वरवर घासत जातं. त्यात 'ग्रेट गिग' गाणाऱ्या क्लेअर टॉरींचा आवाज म्हणजे पूर्ण ताकदीने लावलेला वरचा सूर. सुईची परीक्षा बघायला याहून अवघड जागा या बाजूवर दुसरी नाही.

फाटणं कुठल्या बाजूला आहे तेही बघा. फक्त उजव्या स्पीकरमध्ये असेल तर अँटीस्केट कमी पडतंय: आर्म आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची तिची पकड सुटते. उजवा चॅनल त्याच बाहेरच्या भिंतीवर असतो. फक्त डाव्यात असेल तर अँटीस्केट जास्त. दोन्हीकडे सारखं असेल तर बसवणूक, किंवा सुईच्या टोकाला चिकटलेला गोळा. पहिल्या गाण्यापासूनच फाटत असतं तर प्री-ॲम्प (क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) दोनदा लागलाय म्हटलं असतं, पण तुमचा खटका बरोबर जागी आहे.

शालिमारचा_शेजारी
हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तिथे, एक रुपयाचं नाणं ठेवा. विषय संपला.

खाचखळगे
नका हो असले सल्ले देऊ. २०११ च्या मालिकेतला रुपया भरतो ३.७९ ग्रॅम. आधीच्या ३ ग्रॅमवर तो ठेवला की सुईवर पावणेसात ग्रॅमच्या आसपास जातं, आणि ३६००एलची मर्यादा ३.५ आहे. नाण्याने उड्या थांबतात हे खरं, पण सुई धरणारं रबर दबतं, कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकायला येतं आणि खाचेच्या भिंती कायमच्या जातात. जुन्या रेकॉर्डी 'ग्रेट गिग'सारख्या जागीच का मेलेल्या असतात याचं निम्मं उत्तर या नाण्यात आहे.

सातपूर_फिटर
आता कामाचं.

भार आधी खरा मोजा. काउंटरवेटवरच्या (आर्मच्या मागच्या टोकाच्या वजनावरच्या) आकड्यावर विसंबू नका, स्वस्त आर्ममध्ये तो पाव-अर्धा ग्रॅम इकडेतिकडे असतो. सराफ बाजारात काटे विकतात त्यांच्याकडे ०.०१ ग्रॅमचा खिशातला डिजिटल काटा मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा: बऱ्याच काट्यांची ताटली लोखंडी असते आणि कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. लोखंड चुंबकाला ओढतं आणि आकडा चुकू शकतो. ताटलीला चुंबक लावून बघा. चिकटला तर ताटलीवर प्लास्टिकचं जाड झाकण ठेवून शून्य करा आणि सुई त्या झाकणावर टेकवा. दुसरं म्हणजे सुई मोजताना ती रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. काटा मॅटवर ठेवून मोजलं की आर्म वर उचललेला राहतो आणि आकडा थोडा चुकतो. मॅट काढून उंची जमते का बघा. मोटर बंद, अँटीस्केट शून्यावर. ३ ग्रॅमला लावा.

मग प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसलंय का ते दाखवणारा मापाचा कागद. कागदी प्रोट्रॅक्टर छापून घेताना झेरॉक्सवाल्याला आधीच सांगा: १०० टक्के मापात, 'फिट टू पेज' बंद. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही दुकानात होईल, पण कागद हातात आला की त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजायचीच. ती ९७ भरली तर कागद रद्दीत टाका. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात आणि मग दोष कार्ट्रिजला देतात.

कार्ट्रिजचा कोन लावायच्या बेअरवाल्ड पद्धतीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात. सुई आधी बाहेरच्या बिंदूवर टेकवा आणि कार्ट्रिजच्या कडा जाळीच्या रेघांना समांतर आहेत का ते समोरून, एक डोळा मिटून बघा. मग आतल्या बिंदूवर. दोन्हीकडे समांतर असेल तरच झालं. एकीकडे जमतंय आणि दुसरीकडे तिरकं होतंय तर कार्ट्रिज हेडशेलच्या खोबणीत पुढे किंवा मागे सरकवा, पुन्हा दोन्ही बिंदू. स्क्रू आधी इतकेच आवळा की बोटाने ढकललं तर कार्ट्रिज हलेल, शेवटचा अर्धा आटा सगळं जमल्यावर. आवळताना कार्ट्रिज हमखास फिरतं, म्हणून आवळल्यावर परत एकदा तपासा. आणि स्क्रूशी खेळताना सुईचं टोपण घातलेलंच असू द्या.

तुमचं दुखणं आतल्या खाचांचं आहे, तेव्हा स्टीव्हनसन पद्धत वापरून बघायलाही हरकत नाही. तिचे बिंदू ६०.३ आणि ११७.४ वर, म्हणजे एक थेट शेवटच्या खाचेपाशी. बाजूच्या मधल्या भागात विकृती किंचित वाढते, शेवट सुधारतो. माझं मत विचाराल तर फक्त या रेकॉर्डसाठी नको. सगळा संग्रह बेअरवाल्डवर बरा वाजतो.

कार्ट्रिजच्या मागच्या पिनांचे रंगही बघून घ्या: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. एका चॅनलच्या दोन वायरी उलट्या असतील तर गाणं फाटत नाही, पण मधला आवाज पोकळ होतो. ॲम्पचं मोनो बटण दाबा. बेस गायब झाला तर वायरी उलट्या.

देवळाली_५०हर्ट्झ
विषय निघालाच आहे तर विचारतो. अमेरिकेहून आलेलं बेल्ट ड्राइव्ह आहे, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरी हीच रेकॉर्ड जड आणि संथ वाजते. बेल्ट सैल झाला असेल का?

सातपूर_फिटर
बेल्ट नाही. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. तुमची एसी सिंक्रोनस मोटर तिकडच्या ६० हर्ट्झसाठी आहे, आपल्याकडे ५०. म्हणून ३३⅓ ऐवजी मिनिटाला २७.८ फेरे. पेटीच्या भाषेत पांढरी चारचं गाणं पांढरी दोनपाशी येतं. ५० हर्ट्झची पुली मिळाली तर ठीक, नाहीतर लेथवर करून घ्या: मोटरच्या पुलीचा व्यास १.२ पट. अंबड-सातपूरला पितळेची करून देतात, मात्र बेल्टची जाडी धरून माप द्या आणि मध्य बरोबर हवा, नाहीतर सूर डुलेल.

पंचवटी७८
चरचरीबद्दल कुणी बोललं नाही. ती बहुतेक मळाची आहे, आणि आधी मळच काढायला हवा. घाणेरड्या खाचेवर प्रोट्रॅक्टरचा काय उपयोग?

एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात १५०-२०० मिलिलिटर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. वेटिंग एजंट नसेल तर रंग-सुगंध नसलेलं भांड्यांचं लिक्विड दोनच थेंब, पण मग शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं. बोअरचं पाणी चालणार नाही, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि चरचर वाढते. बॅटरीचं पाणी घेताना ते नुसतं डीमिनरलाइज्ड पाणीच आहे ना ते वाचून घ्या.

लेबल कोरडं ठेवा. द्राव शिंपडून दोन मिनिटं मुरू द्या, मग मऊ मायक्रोफायबर खाचेच्या दिशेनेच गोल फिरवा, कधीही केंद्राकडून कडेकडे नाही. दाब बोटाचा, तळव्याचा नको. दुसऱ्या स्वच्छ कापडाने पाणी टिपा आणि भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळवा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही. आणि हे सगळं व्हिनाइलसाठीच. लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल लागलं तर लाख विरघळते.

पांढरा गोंद ओतून साल काढायची युक्ती फिरत असते. लाकडाच्या गोंदाने मळ निघतो हे खरं, पण थर पातळ पडला की तुकडे खाचेत अडकतात आणि ते काढणं मळ काढण्याहून अवघड. करायचीच तर रद्दीतल्या रेकॉर्डवर करा, 'डार्क साइड'वर नको.

धुतल्यावर जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका. पावसाळ्यात आपल्याकडे त्या कागदालाच आधी बुरशी लागते, मग तबकडीवर पांढरट जाळं दिसतं. आत एचडीपीईचं अँटिस्टॅटिक पाकीट घ्या. पारदर्शक जाड पीव्हीसीचं नको, त्यातला प्लास्टिसायझर तबकडीवर धुक्यासारखा डाग पाडतो. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, भिंतीला चिकटून नाही, कारण ओल भिंतीतून येते. बुरशी झाडायची ती गच्चीत, तोंडाला मास्क लावून. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा घसरला की इथेही हवा कोरडी होते आणि धुतलेली रेकॉर्डही टकटक करू लागते. ती स्थिर विजेची. कार्बन फायबरचा ब्रश वाजवण्याआधी दोन फेरे नुसता टेकवून धरला की पुरतं.

सात_मात्रा
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण अल्बम म्हणून ऐकायचा राहून नुसती सुईची चर्चा चालली आहे.

सुरुवातीचे ठोके म्हणजे निक मेसनचा बेस ड्रम. ते शांततेतून हळूहळू वर येतात, म्हणून मशीनची घरघर, अर्थिंगचा हम आणि तबकडीची चरचर तिथेच उघडी पडते. ठोक्यांमागे सलग 'हूं' ऐकू आला तर टर्नटेबलची अर्थ वायर ॲम्पच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा.

'ऑन द रन' हा आठ सुरांचा एक तुकडा आहे, ईएमएसच्या छोट्या सूटकेस सिंथवर वाजवून वेगात पळवलेला. त्यावरून पावलं एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे धावत जातात. पावलं मध्येच गायब होऊन पलीकडे उगवत असतील तर दोन चॅनलचा समतोल बिघडलाय. 'टाइम'ची घड्याळं या अल्बमचे साउंड इंजिनिअर ॲलन पार्सन्सनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती, क्वाड्राफोनिक (चार स्पीकरांचा) आवाज दाखवायला. ते मुळात या गाण्यासाठी नव्हतं. घंटांचा तो कल्लोळ ही सुईला पहिली खरी धडक. तो स्वच्छ निघाला आणि 'ग्रेट गिग' फाटला तर दुखणं आतल्या खाचेचं, हे खाचखळगेंचं म्हणणं इथेच सिद्ध होतं. घड्याळांनंतरची टिकटिक घड्याळाची नाही. रॉजर वॉटर्स बेसच्या तारा दाबून धरून ती काढतो. ती टिकटिक लाकडी आणि कोरडी यायला हवी. थपथप आली तर स्पीकर भिंतीच्या फार जवळ आहेत.

'ग्रेट गिग'ची सुरुवात रिचर्ड राइटच्या पियानोने. पियानोचा लांब सूर डुलला तर तबकडीचं भोक मधोमध नाही. एक फेरा १.८ सेकंदांचा, डोलही तेवढ्याच अंतराने येतो. हेडशेलकडे वरून बघा, डावी-उजवी झुलताना दिसेल. यात सुईचा काही दोष नाही. भोक गोल कानसीने किंचित मोठं करून तबकडी हाताने मध्यावर आणता येते, पण ती कानस एकदा चालली की माघार नाही.

आवाज जानेवारी १९७३ चा. क्लेअर टॉरींना त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले होते. शब्द नव्हतेच, सुरावट त्यांनी उभ्या उभ्या रचली. २००४ मध्ये त्यांनी दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटसोबत त्यांचं नाव लागतं. जुन्या प्रतीवर रचनाकार म्हणून एकटा राइट दिसेल. पहिल्या बाजूचा शेवट त्या सुरांवर होतो, मग उठून बाजू उलटायची, मग नाण्यांचा खणखणाट. सीडीवर ही मधली उसंत गेली. माझ्या मते रेकॉर्ड घेण्याचं हे एक कारण पुरेसं आहे.

'मनी' सात मात्रांत आहे. रूपकाची सवय असलेल्यांना मोजायला अडचण नाही, मात्र ३-२-२ असे खंड शोधत बसू नका, बेसचं वजन वेगळ्या जागी पडतं. सुरुवातीचा गल्ल्याचा, नाण्यांचा, कागद फाडण्याचा आवाज म्हणजे टेपचे सात तुकडे, पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापून गोल चिकटवलेले. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, आणि डेव्हिड गिलमोरचं गिटार सुरू झालं की ताल चारात जातो. ती उडी पायाने ठेका धरून ऐका. मशीनचा वेग डळमळत असेल तर ठेका तिथे चुकतो.

'अस अँड देम'मध्ये मोकळी जागा भरपूर, प्रतिध्वनी मागे विरत जातात. धुतल्याचा फायदा या गाण्यात सगळ्यात आधी कळेल. बाजूच्या अगदी शेवटी, ठोके विरत असताना, ॲबी रोड स्टुडिओच्या दरवानाचा, जेरी ओ'ड्रिस्कॉलचा आवाज हळू आवाजात येतो: चंद्राला काळी बाजू अशी नाहीच, तो सगळाच काळा. ते शब्द कानाला लागले तर तुमची चरचर आटोक्यात आली.

कव्हरकडेही एकदा नीट बघा. लोलकातून निघणारे रंग सात नाहीत, सहा आहेत, पारवा गाळलाय. उघडणाऱ्या कव्हरच्या आत तोच पट्टा पुढे जातो आणि त्यातली हिरवी रेघ ठोक्यांसारखी उसळते.

गंगापूररोडकर
रेकॉर्ड धुतली, ठोक्यांवरची चरचर जवळजवळ गेली. भार काट्यावर २.६ निघाला, ३ केला. प्रोट्रॅक्टरवर कार्ट्रिज आत वळलेलं होतं, सरळ केलं. 'इक्लिप्स' आता स्वच्छ. 'ग्रेट गिग' पुष्कळ सुधारला, पण सगळ्यात वरच्या सुरावर उजवीकडे अजून थोडं फाटतं.

खाचखळगे
उजवीकडेच उरलंय ना? अँटीस्केट पावपाव वाढवत ३.५ पर्यंत न्या आणि फक्त तेवढाच तुकडा ऐका. कोऱ्या तबकडीवर आर्म स्थिर राहतो का ते बघून अँटीस्केट लावू नका, खाचेतलं घर्षण वेगळं असतं.

तरीही उरलं तर ती झीज आहे. त्यावरही एक उपाय आहे, स्वस्त नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतलं कार्ट्रिज घ्या, भार २ ग्रॅम. तुमच्या काउंटरवेटवर तेवढा कमी भार लावता येतो का ते आधी बघा. सुरुवातीला इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) 'ई' चालेल, मग त्याच अंगावर 'एमएल' सुई चढते. मायक्रोलिनियर टोकाची बाजूची त्रिज्या ०.१२ मिल, म्हणजे ३ मायक्रॉन. शंकूची सुई जिथे घासून गेली त्याच्या वर-खाली भिंतीचा जो भाग शाबूत आहे त्यालाही ती टेकते, त्यामुळे झिजलेली रेकॉर्डही बरीच सावरते. आयुष्यही कंपनीच्या आकड्यांप्रमाणे १००० तास, शंकूचं ५०० आणि इलिप्टिकलचं ३००.

सातपूर_फिटर
आणि नवं कार्ट्रिज आलं की प्रोट्रॅक्टर पुन्हा पहिल्यापासून. एमएल सुई तिरकी बसली तर शंकूपेक्षा वाईट वाजते. कार्ट्रिजचा वरचा भाग रेकॉर्डला समांतर आहे का तेही बाजूने बघा. नवं कार्ट्रिज उंचीला वेगळं असेल आणि आर्मची उंची बदलता येत नसेल, तर हेडशेल आणि कार्ट्रिजच्या मध्ये १ किंवा २ मिलिमीटरची पट्टी घाला. किंवा मॅट बदला, ते सोपं.

शालिमारचा_शेजारी
नाणं मागे घेतलं. काटा कुठल्या दुकानात घेतला तेवढं सांगा.